चिंचेनं घासलेली नाणी

वडिलांची नाणी माझ्या हातात आली तेव्हा ती लखलखत होती, आणि ती तशी पाहून माझं डोकं फिरलं. वारसा मिळाला की माणसाचे डोळे भरून येतात म्हणे. माझ्या तोंडात शिव्या आल्या. बसायला पाट, ताटाभोवती रांगोळी, पानात पुरणपोळी, म्हणून त्या गिळल्या एवढंच.

हे घडलं ईटला, माझ्या माहेरी. आई आधीच गेली होती. अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, वर्षश्राद्ध झालं आणि थोड्या दिवसांनी धाकट्या भावाचा फोन आला. ‘अक्का, अण्णांचा नाण्यांचा डबा तुझा हाय. त्यांनीच सांगितलं होतं. जेवायलाच ये अन् घेऊन जा.’ मी धाराशिवला कोर्टासमोरच्या गल्लीत ब्लाऊज शिवते. लग्नसराई चालू होती, बायका दुकानाच्या पायरीवर बसून तगादा लावत होत्या. तरी मी मशीनवर कापड टाकलं आणि सकाळच्या एसटीनं निघाले. भावाला आपण होऊन आठवण झाली, याचं मला वाटेत फार कौतुक वाटत होतं.

अण्णा शेतकरी माणूस. त्यांना ना पान, ना तंबाखू. नाद एकच, जुनी नाणी. भूमच्या आठवडी बाजारात मोड घेणारा एक चाचा बसायचा. फुटकी पितळी भांडी, तुटकी जोडवी, जुने पैसे, सगळं तो वजनावर घ्यायचा. अण्णा भाजीच्या आधी त्याच्याकडं जायचे आणि त्याचं पोतं पालथं करून बसायचे. निजामाच्या वेळची चारमिनारवाली नाणी, भोकाचे पैसे, इंग्रजांचे ढब्बू. उर्दू अक्षरं अण्णांना येत नव्हती. चाचा नाणं डोळ्याशी धरून वाचून दाखवायचा आणि वर म्हणायचा, ‘मालक, दुनिया कू नवे पैसे हौना, तुमना मरे सो पैसे हौना!’ म्हणजे जगाला नवे पैसे हवेत, तुम्हाला मेलेले. घरी आल्यावर आई वेगळ्याच फैरी झाडायची. ‘माणूस मेथी आणाया जातंय अन् गंज घेऊन येतंय.’

त्या बाजाराला अण्णा मला न्यायचे. लाडाची म्हणून नाही, माझे डोळे चांगले म्हणून. भाऊ भज्यांच्या गाड्यापाशी रेंगाळायचा आणि मी ढिगातून नाणी वेचायची. एका उन्हाळ्यात आमच्या वावरातल्या विहिरीचा गाळ काढला होता. वर टाकलेल्या चिखलात मला तांब्याचा एक जाड, वेडावाकडा तुकडा सापडला. अण्णांनी तो धोतराच्या सोग्यानं हलकेच टिपला आणि खालीच बसले. शिवराई होती. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. अण्णा गड्यांना हाका मारमारून सांगत सुटले, ‘पोरीला घावली रे, माझ्या पोरीला घावली!’ त्या दिवशी मला जे वाटलं ते पुढं पहिल्या कमाईलाही वाटलं नाही.

प्रत्येक नाणं ते आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधायचे आणि पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे. पाण्यानं धुणं नाही, पुसणं नाही. मी एकदा शिवराई राखेनं उजळायला निघाले तर माझ्या हातावर फटका बसला. ‘मळ न्हाय तो. कातडी हाय त्याची. घासलं की नाणं सोललं समज.’ मारकुटे नव्हते ते. तो एकच फटका, म्हणून आजही आठवतो.

पुढं माझं लग्न झालं, आणि एका दिवाळीला सगळे जेवायला बसले असताना अण्णा म्हणाले, ‘हा डबा पोरीचा.’ सगळे हसले. चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, ते म्हणाले, ‘द्या की. लेकीला गंजकं द्यायला कुणाच्या बापाचं काय जातंय?’ शेताचं मात्र त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. आमच्याकडं शेत बोलून द्यावं लागत नाही. ते लेकाचं असतं, असं सगळ्यांनीच धरून ठेवलेलं असतं.

तर आता त्या पाटावर बसून मी समोर बघत होते. पत्र्याचा डबा गायब. त्याच्या जागी नवा कोरा स्टीलचा डबा, झाकणावर हळद-कुंकवाची बोटं, शेजारी खण-नारळ आणि एक भारीतली साडी. झाकण उघडलं तर आत नाणी अशी चमकत होती की आजच पाडून आणलीत. चिंध्या नाहीत, काही नाही.

‘हे कुणी केलं?’

‘म्या केलं, वन्सं,’ भावजय हौसेनं म्हणाली. तिची बोटं अजून चिंचेनं काळवंडलेली होती. ‘आधी चिंचेच्या कोळात भिजत घातले, मग मीठ अन् राख लावून घासले. लई चिवट मळ हो! पण माहेरची लक्ष्मी लेकीला काळी द्यायची व्हय?’

तिचंही चूक नव्हतं. आमच्याकडं रीतच आहे. लेकीबरोबर घरातला साधा तांब्या जरी निघाला तरी तो घासूनपुसून द्यायचा. मळकं भांडं दिलं तर माहेरची नाचक्की. तिनं माझा मान केला होता. मी शिवराई शोधून काढली. एका बाजूला ‘राजा’ एवढंच उरलं होतं, तेही बोटाला लागेल इतपत. दुसरी बाजू साफ गुळगुळीत. कितीतरी वर्षं मातीत राहून जे गेलं नव्हतं ते दोन दुपारच्या चिंचेत गेलं. मी रडले नाही. मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. पण फार वेळ शोधावं लागलं नाही.

‘आता तेवढं भूमला जाऊन येऊ,’ तात्या हात धुता धुता म्हणाले. ‘नंबर लागलाय आपला.’

‘कशाचा?’

‘हक्कसोडचा. दुसरं काय?’

ज्यांना बहीण नाही त्यांच्यासाठी सांगते. बाप गेला की सातबाऱ्यावर लेकाबरोबर लेकीचंही नाव लागतं, कायदाच आहे तसा. मग लेकीला एका दिवशी जेवायला बोलावतात, साडी नेसवतात, आणि सरकारी हापिसात नेऊन ‘माझा हक्क मी राजीखुशीनं सोडला’ यावर तिचा अंगठा घेतात. साडी नेसलेली बाई नाही म्हणत नाही. म्हटलं तर माहेर तुटतं. माझ्या दुकानात अशा कितीतरी साड्यांचे ब्लाऊजपीस येतात. साडी कशाची हे बायका सांगत नाहीत, पण माप देताना त्यांचे चेहरे वेगळेच दिसतात.

मी भावाकडं पाहिलं. तो पानातली पोळी चिवडत होता. तेव्हा मला कळलं, त्याला आठवण का झाली ते. बापाचा शब्द पाळायचा म्हणून डबा नव्हता. अंगठ्याच्या बदल्यात डबा होता.

‘अक्का, तुला काय करायचंय वावर?’ तो म्हणाला. ‘तू थोडीच कसायला येणारायस?’

‘तू तरी कुठं कसतोस? बटईनं लावलंयस की.’

‘काय बोलायलीस तू!’ तात्या गरजले. ‘तोंड बघ पोरीचं! डबा दिला, साडी दिली, मानानं जेवू घातलं. अजून काय पाहिजे?’

काय पाहिजे? माझा वाटा पाहिजे. माझं दुकान बरं चालतं, नवरा कमावता आहे, मी उपाशी नाही. पण भावाला कुणी विचारलं का, तुला गरज आहे का म्हणून? त्याचं आहे म्हणून त्याला मिळतं. माझंही आहे म्हणून मला हवं. एवढी साधी गोष्ट, पण बाईच्या तोंडून निघाली की ती हावरटपणा होते. होऊ दे. हावरट तर हावरट.

हे सगळं मी तिथं बोलले नाही. ‘चला,’ एवढंच म्हटलं. तात्यांना वाटलं, गाडं रुळावर आलं. साडीला मी हात लावला नाही, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. जीपमध्ये भावजय माझ्या शेजारी बसली. डबा तिनंच मांडीवर घेतला होता. भूम येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.

हापिसात गर्दी होती. कुणी प्लॉटचं, कुणी बक्षीसपत्राचं, कुणी आमच्यासारखंच. बाकावर आणखी दोन बहिणी बसल्या होत्या, अंगावर नव्या साड्या. दस्त लिहिणाऱ्यानं कागद आधीच तयार ठेवला होता. त्यात माझं नाव, वय, पत्ता सगळं बिनचूक. मी न सांगता इतकं बिनचूक कुणी माझ्याविषयी लिहिलं, ही पहिलीच वेळ.

आमचा नंबर आला. मला कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. साहेब थकलेला, भला माणूस वाटला. कागदावरची मान वर न करता त्यानं विचारलं, ‘राजीखुशीनं हक्क सोडताय ना, ताई? कुणाची जबरदस्ती नाही ना?’ दिवसभर तो हेच विचारत असणार, आणि उत्तर यायच्या आधीच त्याचा हात शिक्क्याकडं गेला होता.

‘न्हाय,’ मी म्हटलं.

‘जबरदस्ती नाही. बरं. अंगठा इथं...’

‘जबरदस्ती हाय का न्हाय ते राहू द्या. राजीखुशीनं न्हाय. मी हक्क सोडत न्हाय.’

हात थांबला. साहेबानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. मागून तात्या म्हणाले, ‘तिला नीट ऐकू आलं न्हाय साहेब. परत इचारा.’

साहेबानं परत विचारलं. जरा मोठ्यानं, माझ्याकडं बघत, प्रत्येक शब्द सुटा करून.

‘न्हाय,’ मीही मोठ्यानं सांगितलं. बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या.

साहेबानं कागद उचलून भावाच्या हातात दिला आणि पुढचा नंबर पुकारला. अंगणात आल्यावर तात्यांनी माझ्या सासरचा, शिक्षणाचा, जिभेचा, सगळ्यांचा उद्धार केला. ‘तुला माहेर बंद,’ असंही म्हणाले. मी म्हटलं, ‘बंद कसं हुईल? निम्मं माझंच हाय की.’ भाऊ ओठ चावत उभा होता. लहानपणी पडला की असाच उभा राहायचा. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू? पण दयेपोटी मी अंगठा देणार नव्हते.

‘मग डबा ठेव,’ तो म्हणाला. ‘त्याच बोलीवर दिला होता.’

‘डबा मला अण्णांनी दिला. तू नुसता घासून आणलास.’

भावजयीनं कुणाकडं न बघता डबा माझ्या पिशवीत ठेवला. मी स्टँडवर चालत गेले आणि धाराशिवची एसटी पकडली.

त्याला आता वर्ष होत आलं. भाऊबीजेला भाऊ आला नाही. मीही गेले नाही. वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं म्हणून मी मागं सरत नाही. वाटपाचा अर्ज दिलाय. तात्या गावात सांगत फिरतात की पोरीनं बापाच्या माघारी घर फोडलं. फिरू देत. तोंड त्यांचं आहे, वाटा माझा आहे.

परवा दुपारी मी एका गिऱ्हाइकाची बाही उसवत असताना फोन वाजला. भावजय होती. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, ‘वन्सं, एक इचारू का? दोन सालामागं माझ्या भावानं माझी सही घेतली. तिकडं, माहेरच्या वावरावरची. मलाबी साडी नेसवली होती. ती सही परत घेता येती का हो?’

बाही माझ्या हातात तशीच राहिली. ‘मला ठाऊक न्हाय,’ मी म्हटलं. ‘अवघड असंल. पण समोर वकील बसतात, त्यांच्या बायकांचे ब्लाऊज मीच शिवते. तू कागद घेऊन ये, आपण दोघी जाऊन इचारू.’

‘उद्या येते. पण ह्यांना काय सांगून निघू?’

‘सांग, ब्लाऊज शिवायला टाकायचाय.’

ती हसली. मागं कुणीतरी तिला हाक मारत होतं.

‘न्हाय वन्सं,’ ती म्हणाली. ‘खरं सांगूनच येते.’