कपाटामागची जागा

सांगलीतलं ते चष्म्याचं दुकान म्हणजे मी एकटीच्या जबाबदारीवर केलेलं पहिलं काम. एरवी मी साताऱ्यात एका इंटिरिअरच्या ऑफिसात नोकरी करते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यामुळं त्या दुकानाचे मालक असलेल्या चाचांचा "माझं दुकान तूच कर बेटा" असा फोन आला, तेव्हा मला रडूच आलं. माझा पहिला चष्मा त्यांनीच केला होता.

जुनं दुकान अरुंद आणि अंधारं होतं. मधोमध एक उंच लाकडी कपाट, त्याच्या मागं एक स्टूल आणि भिंतीला हातभर आरसा. मापं घ्यायला गेले त्याच दिवशी मी कपाटावर फुली मारली. ते काढलं. समोरची भिंत पाडून पूर्ण काच बसवली. एका बाजूला जमिनीपासून छतापर्यंत आरसा, फ्रेमच्या प्रत्येक फळीखाली दिवे. आत चष्मा लावून बघणारं गिऱ्हाईक रस्त्यावरून दिसलं की बघणाऱ्यालाही आत यावंसं वाटतं, असं मी पुण्यात शिकले होते.

चाचांनी एकदाच विचारलं होतं, "कपाट ऱ्हाऊ द्यायचं का गं एका कडंला?"

"चाचा, सगळा उजेड अडतो त्यानं."

"बरं," ते हसून म्हणाले. "तू शिकलीयास."

काही महिन्यांनी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तिला नवा चष्मा करायचा होता. येतोय म्हणून चाचांना आदल्या दिवशी फोन केला आणि बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी सांगलीला गेलो. दुकान झगझगत होतं. आईनं चपला दाराबाहेर काढल्या. मी नको म्हटलं तरी काढल्याच. चाचा आईची विचारपूस करत होते, तेवढ्यात हळदीच्या पेठेत कामाला जाणारी एक म्हातारी सुनेला घेऊन आली. सून विशीतली, डोक्यावर पदर, हातात नंबरची चिठ्ठी. ती दारातच थांबली.

म्हातारीनं आत येऊन इकडंतिकडं बघितलं. "आवं चाचा, पडदा कुठाय?"

"धुवाय टाकलाय."

"आजच? बाजारादिवशी?"

"बसा की मावशी. फ्रेम दावतो."

"कुठं बसा? ह्या काचंत? समोरनं रिक्षावालं बघत बसल्यात. आमची सून काय बाहुली हाय व्हय मांडून ठेवायला?"

रस्त्यापलीकडं रिक्षा स्टँड होतं. माझ्या नकाशात मी तिथं 'चांगली वर्दळ' असं लिहिलं होतं.

"मागल्या येळी हितंच तर बांधला हुता तुमी," म्हातारीनं वर बोट दाखवलं. मी मान वर केली. छतातल्या माझ्या दिव्यांच्या कडेला दोन हूक ठोकलेले होते. "कुण्या शान्यानं कपाट काढाय लावलं कुणास ठावं. त्याच्या घरात बायाच न्हाईत वाटतं!"

"मीच काढलं मावशी," चाचा घाईनं म्हणाले. "लय जुनं झालं हुतं. वाळवी लागली हुती."

कपाट सागवानी होतं. वाळवीचं एक छिद्रही त्याला नव्हतं. बोलताना चाचांनी माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

आई हळूच म्हणाली, "तू बी त्याच कपाटामागं बसली हुतीस की गं."

बसले होते. आठवीत नंबर निघाला, तेव्हा गावात एकीनं मला ऐकू जाईल असं म्हटलं होतं, चष्मेवालीला कोण करून घेतंय. दुकानात लोक होते. मी वडिलांच्या मागून पुढं येईना. चाचांनी वडिलांना चहाला बसवलं आणि फ्रेमचा एक ट्रे हातात देऊन मला कपाटामागं पाठवलं. तिथं मी एकेक फ्रेम लावून आधी रडले. मग आरशात वेडीवाकडी तोंडं केली. मग एक निवडून बाहेर आले. कुणी घाई केली नाही. त्या चष्म्यातून फळा दिसला म्हणून मी शिकले, आणि शिकून आल्यावर पहिली फुली त्या कपाटावर मारली.

"चाचा, पडदा द्या," मी म्हणाले.

"अगं ऱ्हाऊ दे. तुझं एवढं डिझाइन…"

"द्या."

त्यांनी काउंटरखालून फुलाफुलांची चादर काढली. स्वच्छ होती, इस्त्रीची घडी घातलेली. मी येणार म्हणून त्यांनी ती लपवून ठेवली होती. मी स्टुलावर चढले. हूक सापडेना. समोरून एक रिक्षावाला ओरडला, "मॅडम, दुकान बंद करताय व्हय?" बाकीचे हसले. माझे कान तापले आणि कधी एकदा ती चादर माझ्या आणि रस्त्याच्या मधे येते असं झालं.

सून चादरीआड गेली. चाचांनी फ्रेमचा एक ट्रे आणि हातातला छोटा आरसा आत सरकवला. मग आतून हसण्याचा आवाज आला. "आत्या, बघा तरी हिकडं! मास्तरीण दिसती का न्हाई मी?"

"दिसतीस बाई. आता घरात छडी घिऊन बस," म्हणत म्हातारी आत शिरली.

त्यांचं झाल्यावर आई उठली. मी तिच्यामागून निघाले, तर तिनं चादरीची कड हातात धरली.

"तू भायेर थांब," ती म्हणाली.

मी बाहेर थांबले. चाचा चहा सांगायला गेले होते. छतापर्यंतचा आरसा, समोरची काच, काचेच्या फळ्या. मान कुठंही वळवली तरी मीच दिसत होते.