गावाचं नाव विचारू नका

नंदुरबारहून निघालो तेव्हा आमचे संपादक दारापर्यंत आले. काळजीनं नव्हे. म्हणाले, "गावाचं नाव घेतल्याशिवाय परत येऊ नकोस."

आमच्या साप्ताहिकात चार महिने एकच भांडण चाललंय. खेड्यातल्या पोरांना शुद्ध मराठीत शिकवावं, की आधी घरच्या बोलीत? भांडणारे सगळे शहरातले पेन्शनवाले. त्यांच्या पत्रांची प्रुफं तपासून माझं डोकं उठलं. मग एक निनावी पत्र आलं. धानोऱ्यापलीकडचा कुणी मास्तर लिहीत होता, मी पहिलीला अहिराणीत शिकवतो, पोरं शाळा सोडत नाहीत. संपादकांना हा मास्तर नावागावासकट छापायचा होता.

तिकडच्या बाजारांना मीठ नेणाऱ्या लखाबाबांना तो मास्तर ठाऊक होता. त्यांच्याच बैलगाडीत मिठाच्या पोत्यावर बसून निघालो. दोन्ही बाजूंना कपाशी, तोंडात धूळ. "बाबा, अजून किती लांब?" "आठेच शे" (इथंच आहे). हे त्यांनी चारदा सांगितलं. मधे धानोऱ्याला कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकर नि ठेचा खाल्ला, तरी 'आठेच' काही येईना.

पोचलो तेव्हा गावात बाजार होता. मारवाडी शेठजी दुकानाच्या ओट्यावर बसून आमचंच साप्ताहिक मोठ्यानं वाचत होते. दर बाजाराला वाचतात म्हणे. एका पेन्शनवाल्याचं पत्र संपवून त्यांनी सगळ्यांना अर्थ सांगितला, "हाऊ म्हनस, शाळामा आपली बोली नको" (हा म्हणतो, शाळेत आपली बोली नको).

एक म्हातारा म्हणाला, "मंग तू काबरं आपली बोलीमा सांगी ऱ्हायना, शेठ?" (मग तू का आपल्या बोलीत सांगतोयस?)

"नही तं तुले समजी का?" (नाहीतर तुला समजेल का?)

चार महिन्यांचं भांडण ओट्यावर एका मिनिटात मिटलं.

शाळा मारुतीच्या देवळामागं. आत मास्तर हिशेब शिकवत होते. "पाच भाकरी शेतस. दोन तुन्हा बाप खाई गया. कितल्या ऱ्हायन्यात?" (पाच भाकरी आहेत. दोन तुझा बाप खाऊन गेला. किती राहिल्या?)

पुढं बसलेली मुलगी म्हणाली, "एकबी नही. मन्हा भाऊ शे ना." (एकही नाही. माझा भाऊ आहे ना.)

सगळी शाळा खिदळली. मलाही चेव आला. आमच्या शाळेत तपासणीला यायचे त्या डिपोटीसाहेबांची नक्कल मला हुबेहूब जमते. दाराआड उभा राहिलो, तीनदा खाकरलो, बुटावर काठी आपटली नि नाकातून म्हणालो, "काय चाललंय मास्तर?"

आत मास्तरांनी झटकन फळा पुसला. घाईघाईनं म्हणाले, "बालकांनो, पाच भाकरींतून दोन वजा केल्यास शेष किती?"

कुणी बोलेना. ती मुलगी पायाच्या बोटांकडे बघत राहिली.

मी आत गेलो, साहेब नाही, साप्ताहिकाचा माणूस आहे म्हणून सांगितलं. मास्तर हसले नाहीत. पोरांना घरी सोडून मला म्हणाले, "ते पत्र लिहिलं ही माझी चूक. गाव छापलंत की माझी बदली. माझं काय, कुठंही जाईन. पण दुसरा मास्तर येईल, नि ही पोरं आत्ता बसली तशी मुकी बसतील. आठ दिवसांत सगळी कपाशी वेचायला. आधी तेच झालं होतं."

स्वतःच्या नकलेची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

परत आलो. संपादकांनी विचारलं, "गाव?"

"विसरलो."

"इतकं लांब जाऊन?"

"गाडी फार हलत होती."

शेवटी जागा भरायला म्हणून त्यांनी मजकूर गावाशिवाय छापला. पुढच्याच अंकात एका पेन्शनवाल्याचं उत्तर आलं. असं गाव पश्चिम खानदेशात मुळी नाहीच, ही सारी वार्ताहराची कल्पना.

त्यानंतरच्या बाजाराहून लखाबाबा परतले ते थेट आमच्या कचेरीत. शेठजींनी तेही पत्र वाचलं होतं, नि अर्थही सांगितला होता, "हाऊ म्हनस, आपलं गाव शेच नही."

"मग? मास्तर होते तिथं?"

"व्हतात ना," बाबा म्हणाले. "भलता हसनात." (खूप हसले.)