सगळ्यात खालचा पुडा

भूतखेत, संचार असल्या गोष्टींना मी कधीच भीक घातली नाही. माझा माणसांवरच विश्वास बसत नाही, तर भुतांवर कुठून बसणार...

वसई पूर्वेला, चांदीपच्या बाजूला व्यसन सोडवू पाहणाऱ्या बायकांचं एक निवासी केंद्र आहे. आया मुलांना घेऊन राहतात. बाहेरून आलेल्या सामानाची झडती घेणं हे माझं काम. बाळाच्या डायपरमधूनही मी गोळ्या काढल्यात.

आगाशीच्या बागायतदार घरातली वनिता झोपेच्या गोळ्यांचं व्यसन सोडायला आली होती. सोबत चार वर्षांची रिद्धी. ही पोर आल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती. नियम साफ होता - सामानात गोळी सापडली की आई बाहेर. आणि तसं झालं तर रिद्धी आमच्या घरी येईल, असं वनिताच्या सासरच्यांनी आधीच बजावलं होतं.

एका रविवारी सासूबाईंनी सुकेळी पाठवली. वाळवलेल्या केळ्यांचे, पानात गच्च बांधलेले पाच पुडे. वरचे दोन मी उघडून पाहिले, बाकीच्यांचा कंटाळा केला. हो, चूक माझीच. वनिताला द्यायची ती पिशवी कपाटातच राहिली, किल्ली माझ्या कमरेला. मायलेकींनी पिशवी पाहिलीसुद्धा नव्हती.

मंगळवारी जेवणानंतर रिद्धी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सगळ्यात खालचा पुडा उघड," ती म्हणाली. "आजी बांधताना रडत होती."

उघडला. केळ्यांच्या मधोमध गोळ्यांची स्ट्रिप.

पहिला संशय वनितावरच. हिनेच कुणाच्या तरी फोनवरून मागवल्या असणार, पोरीने ऐकलं असणार.

"ताई, रिद्धीची शपथ, मी नाही मागवल्या."

शपथा मी रोज ऐकते. डिस्चार्जचा फॉर्म भरला, सही तेवढी राहिली. पण ते रडण्याचं काही डोक्यातून जाईना, म्हणून आगाशीला तिच्या सासूबाईंना फोन लावला.

"काकू, पुडे बांधताना रडत का होतात?"

"तुला कोणी सांगितलं? दार लावून बसले होते मी. घरात चिटपाखरू नव्हतं." आणि मग हुंदका. "नात हवी होती गं मला."

फॉर्म फाडला. वनिता पूर्ण मुदत राहिली, बरी होऊन गेली.

गेटचं रजिस्टर, फोन, कपाटाचं कुलूप - सगळं तपासून झालं. उत्तर नाही. रिद्धी त्यानंतर हळूहळू बोलायला लागली, पण त्या दुपारचं विचारलं की नुसती बघायची. मी विचारणं सोडलं. ती बोलली नसती, तर वनिता मागाहून त्या पुड्यातल्या गोळ्यांसकट पकडली गेली असती, मी एका आईला लेकीपासून तोडलं असतं... आणि नियमाने वागले म्हणून शांत झोपले असते.