बारा दिवसांचा बाप

मंगलच्या रागाला आसपासच्या चार गावांत तोड नाही, असं तिची सासूच सांगायची, आणि सांगताना पदराआड हसायची. मंगलचं माहेर आटपाडीकडचं. मेंढरांमागं माळावर वाढलेली पोर. तिकडं हाक मारायची तर पार पलीकडच्या टेकाडाला ऐकू गेली पाहिजे, नाहीतर मेंढरू थांबतंय होय! तोच आवाज घेऊन ती विट्याजवळच्या या गावात नांदायला आली. शेजारची बयाबाई म्हणायची, "मंगल पोरास्नी उठवाय लागली की आमाला घड्याळ बघाय लागत न्हाई."

पण उठवायला दुसरं होतं कोण? नवरा कोइमतूरला. या भागातल्या निम्म्या घरांची तीच तऱ्हा. बाप्ये परमुलखातल्या शहरांत गलाईची दुकानं चालवतात. सोनारांचं जुनं सोनं आणायचं, भट्टीत वितळवायचं, ॲसिडानं शुद्ध करायचं आणि परत द्यायचं. मंगलचा नवरा अमृत वर्षातून एकदा, देवीच्या जत्रेला, बारा दिवस घरी यायचा. उरलेले तीनशे त्रेपन्न दिवस मंगलच्या एकटीच्या डोक्यावर.

धाकटा शिवतेज चार वर्षांचा. त्यानं "पप्पा कवा येणार?" विचारलं की घरातलं कुणीही सांगायचं, "जत्रंला." त्या पोराच्या डोक्यात पप्पा आणि जत्रा यांची अशी काही गाठ बसली, की आडवाटेला कुणी पिपाणी वाजवली तरी हा अर्ध्या अंघोळीतनं उठून दाराकडं धावायचा. "पप्पा आलं! पप्पा आलं!" गल्ली हसायची. मंगलला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही कधी.

यंदाही अमृत आला. खेळणी आली, खाऊ आला, थोरल्या पायलसाठी चमचमती सँडल आली. पायल तिसरीत, आठ वर्षांची. शाळेला बुट्टी, गृहपाठाला सुट्टी. सकाळ-संध्याकाळ पोरं बापाच्या खांद्यावर. पाळण्यात बसा, भेळ खा, फुगे फोडा, रात्री उशिरापर्यंत जागा. आणि मंगल? मंगल चुलीपुढं. जत्रेचे पाहुणे, मटणाचा रस्सा, भाकऱ्यांची चळत. मधेच ती ओरडायची, "आगं भाजी खा की! शिवत्या, अंगातलं काढ ते, मळलंय!" की लगेच अमृत लाडात यायचा, "आसू दे गं. पोरंच हायती."

आसू दे गं! या तीन शब्दांनी मंगलच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आसू दे म्हणायला ह्याचं काय जातंय? दात किडले तर दवाखान्यात कोण नेतं? परीक्षेत भोपळा आणला तर बाईंपुढं मान खाली घालून कोण उभं राहतं?

दहाव्या दिवशी, रविवारी, सगळे जेवायला बसलेले. पायलनं तोंडातला घास न गिळताच जाहीर केलं, "मम्मी, मी पप्पांबरोबर जाणार कोइमतूरला. कायमची. तू नुसती आरडतीस. पप्पा कवाच आरडत न्हाईत."

मंगलला वाटलं, पोरीची बडबड. तिनं अमृतकडं पाहिलं. तो ताटाकडं बघत म्हणाला, "चांगली शाळा हाय तिकडं. इचारून ठिवलंय. बुधवारचं तिकीटबी काढलंय तिचं."

"तिकीट काढलंय?"

"तुला सांगणारच हुतो."

हातातलं उलथनं मंगलनं असं आपटलं की तव्यावरची भाकरी उडाली. "कवा सांगणार हुता? एस्टीत चढल्यावर? आयत्या बिळावर नागोबा! हागणं-मुतणं मी काढलं, तापात उशाला मी बसली, पाढं मी घोकून घ्येतलं. तुमी आला की घरात जत्रा, तुमी गेला की सोमवार. सगळं सोमवार माझ्या पदरात टाकून तुमी ग्वाड झालाय, आन् मी कैदाशीण!"

"अगं, शेजारी ऐकत्यात," सासू लक्ष्मीबाई म्हणाली.

"ऐकू द्यात आत्ती! माझी लेक चाललीय, आन् मी आवाज बारीक करू?"

अमृत ताटावरनं उठला. हात धुऊन बाहेर गेला. पायल पाळण्यांची विचारपूस करत त्याच्यामागं पळाली. "पप्पा, तिकडं पाळणं रोज असत्यात का वं?" त्या येड्या पोरीला वाटत होतं, बाप जत्रेतनं येतो म्हणजे तो राहतोही जत्रेतच.

मंगल भांडी घासायला बसली. भांडी कसली घासतेय, बडवत होती. नवऱ्याचा राग होताच, पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी जळत होतं आणि ते तिला कुणाला सांगता येत नव्हतं. रोज सकाळी वेणी घालायला पायल तिच्या गुडघ्यात बसायची, तो अर्धा तास. कुणी कुणाचा खोडरबर चोरला, गुरुजी शिंकले तेव्हा खडू कुठं उडाला, कुणाच्या डब्यात काय होतं, सगळी शाळा पायल त्या अर्ध्या तासात सांगून टाकायची. मंगल वरनं खेकसायची, "मान हलवू नगंस!" आणि आतनं कान टवकारून ऐकायची. शिवतेज उंबऱ्यावर बसून मधेच आपलं घोडं दामटायचा. गोष्ट लांबली की मंगल मुद्दाम वेणी सोडून पुन्हा घालायची. सुख म्हणजे काय, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर आधी अंगावरच गेली असती. पण तिचं सुख ते होतं, तेवढंच होतं, आणि असं काही घरात असतं याचा पत्ता नसलेला माणूस ते उचलून न्यायला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी सोमवार. जत्रा उठली, शाळा भरायची होती. सहा वाजले, साडेसहा वाजले, मंगल उठलीच नाही. तोंडावर चादर ओढून पडून राहिली.

अमृतनं हलवलं. "आगं, शाळा हाय न्हवं?"

"हाय की. धाडा."

"मी?"

"कोइमतूरला कोण धाडणार हाय? शिका आत्तापस्नं." आणि सासूला चादरीतनंच ताकीद दिली, "आत्ती, तुमी मधी पडायचं न्हाई."

आणि मग जी काही त्रेधा उडाली, म्हणता सोय नाही. पाणी तापलं ते अति. त्यात थंड घातलं ते अति. शिवतेजनं अंगणवाडीत जाणार नाही म्हणून खांबाला मिठी मारली. पायलचा एक मोजा सापडेना. दशमी एका बाजूनं जळली. "पप्पा, मला नूडल्स." "पप्पा, गणिताच्या वहीवर सही." "पप्पा, मला शी आली." अमृत पहिल्यांदा "आसू दे, आसू दे" म्हणत होता, मग नुसतं "हां हां" म्हणायला लागला, मग तेही बंद झालं. चादरीखाली मंगल दात ओठ खात होती. दोनदा उठायला गेली आणि दोनदा स्वतःलाच चिमटा काढून पडून राहिली.

शेवटी वेणी. भट्टीवर निवांत हात चालवणारा माणूस, पण फणी केसात अडकली आणि पायल किंचाळली. "दुखतंय! तुमाला येत न्हाई! सोडा!" बाहेर शाळेची गाडी हॉर्न देत होती. शिवतेजनं दुधाचा पेला आडवा केला. आणि अमृत फुटला.

"गप बस म्हंतो न्हवं! एक चापट दीन! कवाचं सांगतोय, कळत न्हाई व्हय गं भवाने?"

हॉर्न थांबला. गाडी निघून गेली. पायलचा खालचा ओठ बाहेर आला, ती धावत आली आणि मंगलच्या तोंडावरची चादर ओढून हुंदके देत म्हणाली, "मम्मी, मी न्हाई जाणार. पप्पाबी आरडत्यात. तुझ्यापेक्षा लय आरडत्यात."

झालं. जिंकली मंगल. लक्ष्मीबाईनं पदर तोंडाला लावला. मंगलनं उठून बसत नवऱ्याकडं पाहिलं, चांगले चार शब्द सुनवायचे म्हणून. अमृत दुधाच्या थारोळ्यात उभा होता, हातात फणी, फणीत लेकीचे तुटलेले केस. तो ते केस एकेक करून सोडवत होता.

"मला वाटलं," तो खाली बघत म्हणाला, "एकतरी लेकरू रोजचं मिळंल. दुकान बंद केलं की खोलीत मी आन् भिंती. फोनवर ही म्हंती, जेवला का पप्पा, ठिवू का पप्पा. झालं बोलणं. हिच्या मैत्रिणीचं नाव मला ठावं न्हाई मंगल. बारा दिस ग्वाड बोललो, म्हटलं तेवडंच ध्येनात राहील तिच्या."

मंगलला रडू यायला हवं होतं. आलं नाही. आला तो रागच, पण आता तो कुणावर काढावा ते कळेना. बाप पळवणाऱ्या त्या भट्टीवर, दुष्काळी मातीवर, की "जत्रंला येत्यात" असं पोरांना शिकवणाऱ्या आपल्याच तोंडावर? जवळ सापडली पायल.

"आरडतील न्हाई तर काय करतील? बाप हाय तुझा, पाव्हणा न्हाई! रोज संगं ऱ्हातंय तेच माणूस आरडतंय, कळ्ळं? बस हितं!" तिनं पोरीला धरून अमृतच्या पुढ्यात बसवलं. "आन् तुमी खाली बसा. आदी खालनं इंचरायचं, मग वर यायचं. तीन पेड करा. वडू नगा."

अमृत बसला. पहिली वेणी सुटली, दुसरी वाकडी झाली. पायल जरा वेळ मुसमुसली. शाळा तर बुडालीच होती. मग नाक ओढत म्हणाली, "पप्पा, आमच्या वर्गात त्यो जयराज हाय न्हवं, त्येनं काय केलं म्हाईत हाय का?"

"काय केलं?" अमृतचे हात थांबले.

"हात चालू द्यात," मंगल खेकसली. तिनं दूध पुसलं, फडकं पिळलं आणि पाठमोरीच म्हणाली, "ह्या लेकीचं तिकीट फाडा. न्ह्यायचं तर समद्यास्नी न्ह्या. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमी येतोय."

"खोली एकच हाय गं. ॲसिडचा वास असतोय."

"मग दुसरी बगा. सुट्टीला अजून दोन म्हैनं हायत. खोली झाली तर लेकरं येतील, न्हाईतर तुमी हितं या. पर आता मी जत्रंची वाट बघणार न्हाई."

"आन् मी काय हितं भिंतीसंगं बोलू?" लक्ष्मीबाईनं आतनं विचारलं. "मला धरून खोली बग रं."

अमृतनं वेणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं, सोडलं तर पुन्हा उकलेल म्हणून. "तुला तिकडची भाषा कुठं येती?" तो म्हणाला. "दिसभर पोरं घिऊन करणार काय तू?"

"आरडायला भाषा लागती व्हय?" मंगल म्हणाली.