अंदाजात धरलेला अर्ची

एफी मावशी बोलायच्या आधी नाक ओढायची आणि मग समोरच्याचंच वाक्य त्याच्याच आवाजात त्याला परत करायची. खाणीच्या कँटीनमध्ये बावीस वर्षं सूप वाढलं तिनं. मॅनेजर, पाद्री, कुणी सुटला नाही. आम्ही शेजारी. माझी निम्मी विद्या भिंतीपलीकडून ऐकून उचललेली.

तिचा नवरा अर्ची, कागदोपत्री आर्चिबाल्ड रँकिन, खाणीतला. स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा हवी म्हणून जन्मभर दारोदार पत्रकं वाटली, आणि सार्वमताला पाच आठवडे उरलेले असताना धुळीनं भरलेल्या छातीनं गेला. मूलबाळ नव्हतं. उरला फक्त दीर, हेक्टर. दर शनिवारी तो एफीच्या दारात कोळशाची बादली ठेवून जायचा.

एकोणऐंशी सालच्या एक मार्चला मतदान झालं. 'हो'वाले जरासे पुढे राहिले आणि तरी हरले. लंडनची अट होती: मतदारयादीतल्या शंभरापैकी चाळिसांनी 'हो' म्हणायला हवं. भरले तेहतीस. खाटीक म्हणाला, "जे आलेच नाहीत, त्यांना नकोच होतं." यादी मात्र ऑक्टोबरातली, आणि तेव्हा अर्ची जिवंत होता.

"म्हणजे माझा माणूस 'नाही'त गेला!" एफी मृत्यूचा दाखला घेऊन, दोन बस बदलून निवडणूक कचेरीत गेली. परत आली ती आमच्या स्वयंपाकघरात, आणि कोट न काढताच कारकून झाली. मान कलती, आवाज नाकात.

"काळजी नको, बाई. मेलेले वजा केलेत. अंदाजे."

मग स्वतःच्या आवाजात, "त्या अंदाजात माझा अर्ची आहे का?"

"नावं नसतात हो त्यात. नुसता आकडा."

आम्ही पोट धरून हसलो. ती नाही हसली.

शनिवारी हेक्टर आला. "एफी, कशाला जीव जाळतेस? 'हो' जास्त पडले ना? मग आपणच जिंकलो."

"आपण? तू गेला होतास मत द्यायला?"

हेक्टर बादलीकडे बघत राहिला. "अगं, गारठा केवढा होता. आणि मला वाटलं, गेलोच नाही तर कुणाच्याच बाजूनं नाही."

"मेलेल्यांना निदान अंदाजे वजा करतात. तुझं काय करायचं?"

दार लागलं. ती बादली पायरीवरच भिजत राहिली. पुढच्या शनिवारी तिच्याशेजारी दुसरी बादली आली. एफीनं एकही आत घेतली नाही.

नोव्हेंबरात तिला इस्पितळात नेलं, ती परतली नाही. आमच्याकडे शवपेटी आठ दोऱ्यांनी खाली सोडतात. कुणी कुठली धरायची, त्याची कार्डं आधी घरोघरी जातात. पहिली दोरी, डोक्याकडची, सगळ्यात जवळच्याची. ही कार्डं एफीनं खाटेवरच लिहून ठेवली होती. बाबांना दुसरी आली. हेक्टरच्या कार्डावर नाव होतं, आकडा नव्हता.

"घाईत राहिला असेल," तो आमच्या दारात म्हणाला. "पहिली माझीच. दुसरं आहे कोण तिला?"

दफनभूमीत अंत्यविधीवाल्यानं यादी उघडली.

"पहिली दोरी. आर्चिबाल्ड रँकिन."

कुणी हललं नाही. त्यानं कागद पुन्हा पाहिला, घसा साफ केला आणि ती दोरी स्वतःच उचलली. सात माणसं पुढे झाली. हेक्टर भिंतीपाशी उभा होता. त्यानं हातमोजे आधीच काढून खिशात ठेवले होते.