मालिकेतलं गेट-टुगेदर

मालिकेत शाळेचं गेट-टुगेदर चाललं होतं. चष्मेवाला स्कॉलर होता, मागच्या बाकावरचा दांडगट होता. दांडगटाने माफी मागितली, स्कॉलरने त्याला मिठी मारली आणि जाहिराती लागायच्या आत सगळं मिटलं.

"तुमच्या वर्गात होतं का असं कोणी?" शेंगा सोलता सोलता बायकोने विचारलं.

मालिकेत प्रत्येकाला एकेक शिक्का मारलेला असतो. आम्हीही तेच करायचो. सहलीत आईच्या आठवणीने रडलेल्या एका मुलाला मी 'रडक्या' म्हणालो आणि दहावीपर्यंत सगळी शाळा त्याला तेच म्हणत राहिली. गेल्या वर्षी आमच्या गेट-टुगेदरला मी त्याची माफी मागायची ठरवूनच गेलो होतो. एक टक्कल पडलेला गृहस्थ हसत पुढे आला.

"ओळखलं नाहीस ना? अरे, मी रडक्या."

त्याच्याच तोंडून ते ऐकल्यावर माफी मागायचं राहूनच गेलं. मीही हसलो, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

हे सगळं मी बायकोला सांगितलं. ती शेंगा सोलायची थांबली.

"त्याचं खरं नाव काय?"

मला आठवेना. त्या दिवशीही मी ते विचारलं नव्हतं.