घरी राहिलेल्यांचा इतिहास

डॉ. शरयू कानडे यांना मी पहिल्यांदा भेटले ती इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात, त्यांच्या खोलीत. मी नुकतीच नागपूरहून पीएच.डी.साठी आले होते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीवर काम करायचं, एवढं पक्कं होतं. मोर्चे, भाषणं, कोर्टाचे निकाल, असा आराखडा मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "मोर्चा निघाला त्या दिवशी बाकीचं गाव काय करत होतं?"

मी आराखड्याची पानं पुन्हा उलटू लागले.

"याचं उत्तर मलाही अजून नीट सापडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "बस. चहा घेऊ."

शरयूताईंचं आयुष्यभराचं काम त्या एका प्रश्नाभोवती उभं आहे, हे कळायला मला पुढची काही वर्षं लागली. चळवळीचा इतिहास सहसा पुढाऱ्यांचा आणि तुरुंगात गेलेल्यांचा लिहिला जातो. शरयूताईंचं म्हणणं असं, की नोकरी जाईल, घर जळेल, मुलाला मारतील या भीतीनं जे घरी राहिले त्यांना समजून घेतल्याशिवाय बाहेर पडलेल्यांनी नेमकं काय केलं हे कळत नाही. त्यासाठी त्या अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गावांमध्ये हिंडल्या, चर्चच्या तळघरांत बसल्या, आणि ज्यांना कुणीच काही विचारलं नव्हतं अशा माणसांना बोलतं केलं.

या वाटेला त्या लागल्या त्याची गोष्ट त्या हसत सांगतात. लग्न होऊन मिरजेहून आल्या तेव्हा पती डॉ. माधवराव दिवसभर हॉस्पिटलमध्ये असत. नव्या शहराची माहिती करून घ्यावी म्हणून त्या लायब्ररीत गेल्या आणि बर्मिंगहॅमवरचं पुस्तक मागितलं. हातात आलं ते अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमवरचं. त्यातल्या एका फोटोत मोर्चातल्या शाळकरी मुलांवर पाण्याचे जोरदार फवारे सोडलेले होते. ताई ते पुस्तक घरी घेऊन आल्या. मुलगी शाळेत जायला लागल्यावर त्यांनी पुन्हा शिक्षण सुरू केलं.

ऐकणं ही त्यांची संशोधनाची रीत आहे, तसाच त्यांचा स्वभावही. माझे वडील गेले तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या मुदतवाढीसाठी दिलेला होता. मला नागपूरला जाता येणं शक्य नव्हतं. सकाळी ताई बसनं माझ्या खोलीवर आल्या. त्यांनी खिचडी टाकली, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "बाबांविषयी सांग. अगदी लहानपणापासून सांग." दुपार टळेपर्यंत मी बोलत होते. त्यांनी एकदाही 'होतं असं' म्हटलं नाही.

पण ज्या प्रसंगानं मी थक्क झाले आणि अजूनही आहे, तो लंडनजवळच्या क्रॉयडनमधला. ताईंचं मोठं पुस्तक छापायला जायच्या बेतात होतं. त्याच पुस्तकावर त्यांचं प्रोफेसरपद अवलंबून होतं, आणि विद्यापीठानं घातलेली मुदत जवळ आली होती. अशात तिथल्या एका सभागृहात त्यांचं व्याख्यान झालं; मीही सोबत गेले होते. घरी राहिलेल्या शिक्षकांनीही आपल्या परीनं चळवळीला हातभार लावला, कुणी डबे पाठवले, कुणी मोर्चेकऱ्यांची मुलं सांभाळली, असं त्यांनी मांडलं. टाळ्या झाल्या.

मग दुसऱ्या रांगेतून एक वृद्ध कृष्णवर्णीय बाई उठल्या. त्यांचं नाव मिसेस बेल. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या एका गावात त्या शिक्षिका होत्या आणि क्रॉयडनला नर्स असलेल्या मुलीकडे, ग्रेसकडे, राहायला आल्या होत्या.

"मी घरी राहिलेल्यांपैकी आहे," त्या म्हणाल्या. "मी डबे पाठवले नाहीत. कुणाची मुलं सांभाळली नाहीत. माझ्या वर्गातली मुलं गाणी म्हणत माझ्या दारावरून गेली, तेव्हा मी पडदा ओढून घेतला. मी घाबरले होते. तुम्ही फार दयाळू आहात, मॅडम, पण तुमच्या दयेनं त्या मुलांचं धैर्य स्वस्त ठरतं."

ग्रेस आईकडे बघत राहिली. तिनं हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

ताईंनी हातातले कागद मिटले. मग म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. पुस्तकातलं हे प्रकरण मला पुन्हा लिहावं लागेल." कार्यक्रम संपल्यावर ग्रेस संतापून त्यांच्याकडे आली. "माझ्या आईला चारचौघांत हे बोलायला लावलंत तुम्ही." ताई म्हणाल्या, "हो. मी चुकीचं लिहिलं म्हणून त्यांना बोलावं लागलं. तुम्ही परवानगी दिलीत तर मी घरी येऊन त्यांचं सगळं ऐकीन."

परतीच्या ट्रेनमध्ये मी म्हटलं, "ताई, पुस्तक जाऊ दे. पुढच्या आवृत्तीत सुधारता येईल. मुदत हुकली तर प्रोफेसरशिप गेलीच."

"गेली तर गेली," त्या म्हणाल्या. "त्या बाई एवढी वर्षं गप्प राहून आज उभ्या राहिल्या. मी काय सांगू त्यांना, की डेडलाइन होती?"

त्यांनी प्रकरण मागे घेतलं. प्रकाशक नाराज झाले, मुदत हुकली, आणि ते पद दुसऱ्या कुणाला मिळालं. ताई वर्षभर क्रॉयडनला जात राहिल्या. सुरुवातीला ग्रेस दार उघडून दुसऱ्या खोलीत निघून जायची. पुढे ती आईशेजारी बसून ऐकू लागली, आणि शेवटी स्वतःच प्रश्न विचारू लागली. नव्या प्रकरणात भीतीला भीतीच म्हटलं होतं. ती कुठून आली, तिनं माणसांना कसं वाकवलं, आणि तीच भीती पोटात घेऊन काही जण तरीही रस्त्यावर कसे गेले, हे त्यात होतं. चळवळीचं मोठेपण मला पहिल्यांदा कळलं ते ती पानं वाचताना. तोवर मी नुसती भारावलेली होते.

पुस्तक आलं. ग्रेसनं ते आईला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग मिसेस बेलनी फोन केला. ताई बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या. मी विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "त्यांच्या वर्गातल्या त्या मुलांपैकी एकाला त्यांनी पत्र लिहिलंय. त्यानं भेटायला बोलावलंय त्यांना."

ताईंच्या षष्ट्यब्दिपूर्तीनिमित्त हा गौरवग्रंथ काढायचं ठरलं, तेव्हा त्यांनी एकच अट घातली, क्रॉयडनचा प्रसंग वगळायचा नाही. माझ्या गुरूंची ती आज्ञा मी पाळली आहे. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, माधवरावांची सोबत अखंड राहो, आणि मनात काही दडवून बसलेल्या अजून कितीतरी माणसांना त्यांच्यासमोर निर्धास्तपणे बोलता येवो.